बाळंतीण व नवजात बाळ ह्यांची दवाखान्यांतील तपासणी : एक आरोग्यपाठ



बाळंतपण सुखरूप पार पडलें, बाळ रडलें, आईनें त्यास पदराखालीं घेतलें, म्हणजे घरच्या मंडळीच्या जिवांत जीव येतो, आणि लागलाच दुसरा प्रश्न निघतो, "आतां घरीं केव्हां सोडणार?" हा प्रश्न वावगा नाहीं. शेताचें काम अडलेलें असतें, गुरांस वैरण घालणारें कोणी नसतें, मोठीं मुलें शेजाऱ्यांच्या घरीं ठेविलेलीं असतात, आणि दवाखान्याच्या ओट्यावर रात्र काढणें सोबतच्या माणसांस जड जातें. त्यामुळें सकाळीं बाळंत झालेली बाई दिवस मावळण्यापूर्वीं गाडींत बसवून गांवीं आणावयाची, असें पुष्कळ ठिकाणीं घडतें.

ह्या पाठांत आपणांस एकच गोष्ट शिकावयाची आहे. ती ही कीं, बाळंतपणानंतर दवाखान्यांत घालविलेले दोन दिवस फुकट गेलेले दिवस नव्हेत. आईचे व बाळाचे असे कित्येक रोग आहेत कीं, ते प्रथम डोळ्यांस दिसत नाहींत, परंतु वेळेवर केलेल्या साध्या तपासणीनें सांपडतात. आणि त्या तपासण्यांपैकीं पुष्कळ अशा आहेत कीं, जन्मानंतर कांहीं तास उलटल्याशिवाय त्या नीट होतच नाहींत. जो घाईनें निघतो, तो तपासणी मागें टाकून निघतो.

२०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, भारतांत दर शंभरांपैकीं सुमारें ८९ बाळंतपणें दवाखान्यांत होतात, आणि महाराष्ट्रांत तर सुमारें ९५. ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याच पाहणींत हेंही आढळलें कीं, देशांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकीं सुमारें २५ बाळें पहिला महिना पुरा होण्यापूर्वींच दगावतात. ह्यावरून उघड होतें कीं, दवाखान्याचा उंबरठा ओलांडला एवढ्यानें काम संपत नाहीं. आंत गेल्यावर काय होतें आणि बाहेर केव्हां पडतों, ह्यालाही तितकेंच महत्त्व आहे.

१. तपासणी म्हणजे काय?

दळण करण्यापूर्वीं आपण धान्य चाळतों. चाळणींत वर राहिलेले सर्वच खडे नसतात. त्यांत कांहीं टपोरे दाणेही असतात. म्हणून वर राहिलेलें आपण फेंकून देत नाहीं; तें ताटांत घेऊन हातानें निवडतों. दवाखान्यांतील ही तपासणीही चाळणीसारखीच आहे. ती आजारी दिसणाऱ्यांचीच नव्हे, तर सर्व बाळांची व सर्व बाळंतिणींची करावयाची असते. तींत ज्यांच्याविषयीं संशय येतो, त्यांची दुसरी, अधिक बारकाईची तपासणी करतात, आणि मगच रोग आहे कीं नाहीं तें ठरतें.

ह्यावरून दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली, "बाळ तर चांगलें दिसतें, मग कशास टोंचावें?" असें म्हणूं नये; कारण चांगल्या दिसणाऱ्यांतूनच लपलेला रोग शोधावयाचा असतो. दुसरी, "पुन्हां तपासणीस या" असा निरोप आला असतां घाबरूं नये, आणि तो निरोप टाळूंही नये. पहिल्या चाळणींत संशयित ठरलेल्यांपैकीं पुष्कळ बाळें शेवटीं निरोगी ठरतात. परंतु जें खरोखर आजारी असतें, त्याला वाचविण्याचा मार्ग त्या दुसऱ्या तपासणींतूनच जातो.

२. जन्मल्याबरोबर

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत व्हर्जिनिया ॲपगर नांवाच्या एक डॉक्टरबाई होत्या. बाळंतपण झालें कीं सर्वांचें लक्ष आईकडे जातें आणि मलूल बाळ बाजूस पडून राहतें, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९५२ सालीं त्यांनीं बाळाची पांच लक्षणें पाहण्याची रीत बसविली व १९५३ सालीं ती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, अंगाचा रंग, हातापायांतील जोर आणि स्पर्श केला असतां होणारी हालचाल, ह्या पांच गोष्टींस प्रत्येकीं शून्य ते दोन गुण द्यावयाचे. आणि हें जन्मानंतर एका मिनिटानें व पुन्हां पांच मिनिटांनीं करावयाचें. आज जगभर ही रीत चालू आहे. तिच्यामुळें "बाळ कसें आहे?" ह्या प्रश्नास अंदाजाऐवजीं आंकड्यानें उत्तर मिळूं लागलें.

ह्यानंतर बाळाचें वजन करतात. २५०० ग्रॅमपेक्षां कमी वजनाचें बाळ अशक्त समजावें. त्यास ऊब, अंगावरचें दूध व जास्त देखरेख लागते. काखेंत तापमापक लावून उष्णता पाहतात, ती ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावी. नवजात बाळाचें अंग तापणें जसें वाईट, तसेंच थंड पडणेंही वाईट. मग डोक्यापासून पायापर्यंत बाळ पाहतात. टाळू फाटलेला आहे काय, पाठीवर कण्याच्या जागीं गांठ आहे काय, शौचाची जागा आहे काय, पाऊल वळलेलें आहे काय, खुब्याचा सांधा निखळतो काय, हें सर्व पाहणें अवश्य असतें. अंगांत रक्तस्राव होऊं नये म्हणून 'के' जीवनसत्त्वाची सुई देतात, आणि क्षय, पोलिओ व कावीळ 'ब' ह्यांच्या पहिल्या लसी देतात. कावीळ 'ब' ची लस चोवीस तासांच्या आंत पडली पाहिजे.

३. टांचेचें रक्त

आतां ज्या तपासणीविषयीं आपल्या गांवांत सर्वांत कमी माहिती आहे तिच्याकडे वळूं.

१९३४ सालीं नॉर्वे देशांत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांस घेऊन डॉक्टर आस्ब्यर्न फॉलिंग ह्यांच्याकडे आली. मुलें जन्मतः चांगलीं होतीं, मग मागें कां पडलीं, हें ती कित्येक डॉक्टरांस विचारून थकली होती; तरी तिनें विचारणें सोडलें नव्हतें. फॉलिंग ह्यांनीं मुलांचें मूत्र तपासलें असतां त्यास विलक्षण हिरवा रंग चढला. शोध करतां असें समजलें कीं, अन्नांतील एक द्रव्य ह्या मुलांच्या शरीरांत पचत नाहीं, तें सांठतें आणि मेंदूस मारतें. त्या दोन मुलांस ह्या शोधाचा उपयोग झाला नाहीं. परंतु पुढें १९५३ सालीं इंग्लंडांत असें दिसून आलें कीं, तें द्रव्य कमी असलेलें अन्न दिल्यास अशा मुलांत सुधारणा होते. तथापि एकदां गेलेली बुद्धि पुरती परत येत नव्हती. मेंदूस इजा होण्यापूर्वींच रोग ओळखला पाहिजे, हें आतां स्पष्ट झालें.

तो मार्ग अमेरिकेंतील डॉक्टर रॉबर्ट गथ्री ह्यांनीं काढला. त्यांच्या नात्यांतील एका मुलीस हाच रोग होता, व तो उशिरां ओळखला गेला होता. त्यांनीं बाळाच्या टांचेस टोंचून रक्ताचे थेंब टीपकागदावर घ्यावयाचे, ते वाळवावयाचे, आणि तो कागद टपालानें प्रयोगशाळेस धाडावयाचा, अशी युक्ति योजिली. १९६१ सालापासून तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होऊं लागला. कागदाच्या त्या तुकड्यानें लक्षावधि मुलांची बुद्धि वांचविली आहे.

नॉर्वेमध्यें सांपडलेला तो रोग आपल्या देशांत विरळ आहे. परंतु त्याच कागदावर ओळखूं येणारा दुसरा एक रोग आपल्याकडे बराच आढळतो. गळ्यांत थायरॉईड नांवाची एक ग्रंथि असते. तिचा रस मेंदूच्या वाढीस अत्यंत अवश्य आहे. कांहीं बाळांत ती ग्रंथि नसते, किंवा नीट काम करीत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास व हैदराबाद ह्या पांच शहरांच्या केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी करविली. तींत दर ११७२ बाळांमागें एकास हा विकार आढळला.

ह्या विकाराची मोठी फसवणूक अशी कीं, असें बाळ आजारी दिसत नाहीं. तें फारसें रडत नाहीं, पुष्कळ झोंपतें, तोंड सुजट असल्यामुळें गुबगुबीत भासतें. शेजारणी म्हणतात, "किती गुणी बाळ! बाळसें कसें धरलें आहे पाहा!" महिने जातात. मूल मान धरीत नाहीं, बसत नाहीं, बोलत नाहीं. मग कोणी म्हणतो, पांचवीच्या रात्रीं सटवीनें कपाळावर हेंच लिहिलें होतें. कोणी म्हणतो, आईनें ग्रहणांत कांहीं चिरलें असेल. वाचकहो, हें लिखित नव्हे आणि आईचा अपराधही नव्हे. पहिल्या दोन आठवड्यांच्या आंत रोग ओळखून रोज एक लहानशी गोळी दुधांत विरघळवून दिली, तर हेंच मूल इतर मुलांबरोबर शाळेंत जातें. गोळी स्वस्त आहे. गेलेला वेळ मात्र कोणत्याही किंमतीनें परत मिळत नाहीं.

ही तपासणी जन्मतांच कां करीत नाहींत? जन्माच्या धक्क्यानें प्रत्येक निरोगी बाळाच्या रक्तांतही त्या ग्रंथीस चेतविणारें द्रव्य कांहीं तास फार वाढलेलें असतें. त्या वेळीं रक्त घेतलें तर निरोगी बाळही रोगी ठरण्याचा संभव असतो. म्हणून चोवीस तासांनंतर, शक्य तर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, टांचेच्या कडेस टोंचून रक्त घेतात. संध्याकाळीं घरीं नेलेल्या बाळाची ही संधि अशा रीतीनें हुकते.

त्याच थेंबांतून सिकलसेल हा रक्ताचा रोगही ओळखतां येतो. गडचिरोली, नंदुरबार वगैरे जिल्ह्यांत व विदर्भांतील कित्येक समाजांत तो पुष्कळ आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस भारत सरकारनें त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. गांवोगांव जी झटपट चाचणी करतात ती नवजात बाळास चालत नाहीं, कारण त्याच्या अंगांत अजून गर्भावस्थेंतील रक्त पुष्कळ असतें. त्याच्यासाठीं प्रयोगशाळेंतील यंत्र लागतें. येथें एक गोष्ट सासरच्या माणसांनीं नीट ध्यानांत घ्यावी. हा रोग मुलास होण्यास आईकडून एक व बापाकडून एक असे दोन्ही अंश यावे लागतात. म्हणून सुनेस दोष देणें हें अज्ञान आहे व अन्यायही आहे.

गोवा राज्यानें २००८ सालीं सरकारी दवाखान्यांत टांचेच्या रक्ताच्या तपासणीचा उपक्रम सुरू केला होता. आपल्या तालुक्यांतील प्रत्येक दवाखान्यांत ही सोय असेलच असें नाहीं. यास्तव गरोदरपणींच विचारावें, "टांचेच्या रक्ताची तपासणी येथें होते काय? होत नसल्यास जवळ कोठें होते?"

४. हृदय, कान, डोळे व कावीळ

गर्भांत असतां बाळ फुप्फुसानें श्वास घेत नाहीं. त्यामुळें रक्ताची वाट निराळी असते. जन्मानंतर ती जुनी वाट हळूहळू बंद होते. हृदयांत मोठा दोष असलेलें बाळ त्या जुन्या वाटेच्या आधारानें एक-दोन दिवस चांगलें दिसतें, आणि ती बंद होतांच घरीं एकाएकीं निळें पडतें. हें आधीं समजावें म्हणून चोवीस तासांनंतर बाळाच्या उजव्या हातास व एका पायास लाल उजेडाचा लहानसा चिमटा लावून रक्तांतील ऑक्सिजन मोजतात. सुई नाहीं, दुखणें नाहीं. आंकडा ९५ किंवा अधिक आणि हातापायांतील फरक तीनपेक्षां जास्त नसला, म्हणजे बाळ ह्या चाळणींतून पार पडलें. आंकडा नव्वदीखालीं असल्यास क्षणाचाही विलंब न करतां मोठ्या दवाखान्यांत न्यावें लागतें.

कानाचेंही असेंच आहे. दर हजार बाळांत सुमारें एक ते तीन बाळें जन्मतः ऐकूं न येणारीं असतात. आपल्याकडे थाळी वाजवून पाहतात. परंतु बाळ दचकलें तें आवाजानें कीं वाऱ्यानें व जमिनीच्या कंपानें, हें कळत नाहीं. बहिरें बाळही पहिले कांहीं महिने इतरांसारखेंच हुंकारतें, म्हणून घरच्यांस संशय येत नाहीं. दवाखान्यांत झोंपलेल्या बाळाच्या कानांत बारीकसें बोंडुक ठेवून यंत्रानें कान तपासतात. ह्याचा नियम एक, तीन, सहा असा पाठ करावा : एका महिन्याच्या आंत तपासणी, तीन महिन्यांच्या आंत निदान, सहा महिन्यांच्या आंत उपचार. असें केल्यास तें मूल मुकें राहण्याचें कारण नाहीं.

डोळ्यांत उजेड टाकून बाहुलींतून तांबूस झांक दिसते कीं नाहीं, हें पाहतात. पांढरी दिसल्यास मोतीबिंदु किंवा दुसरा दोष असूं शकतो. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या, विशेषतः दोन किलोपेक्षां कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांची आंतली बाजू महिन्याच्या आंत नेत्रवैद्याकडून तपासून घ्यावी. नाहीं तर मूल वांचतें परंतु दृष्टि जाते.

कावीळ बहुतेक बाळांस थोडीफार होते, आणि ती तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं सर्वांत जास्त चढते. परंतु पहिल्या चोवीस तासांतच अंग पिवळें झालें, किंवा तळहात व तळपाय पिवळे झाले, तर तो धोका समजावा. कारण फार वाढलेली कावीळ मेंदूंत उतरते. १९५६ सालच्या सुमारास इंग्लंडांतील एका इस्पितळांत जीन वॉर्ड नांवाच्या परिचारिकेस असें दिसलें कीं, अंगणांत उजेडांत नेलेल्या बाळाच्या उघड्या अंगाची पिवळेपणा उतरली व झांकलेला भाग पिवळाच राहिला. त्या निरीक्षणावरून आज निळ्या दिव्यांखालीं बाळ ठेवण्याचा उपचार निघाला. ह्यावरून घरीं उन्हांत ठेवून मोठी कावीळ बरी होते असें मात्र समजूं नये. उन्हाचें माप नसतें. दिव्याचें असतें, आणि रक्त तपासून तो किती वेळ द्यावा तें ठरवितात.

५. आईस विसरूं नये

बाळ येतांच सर्वांचे डोळे पाळण्याकडे लागतात, आणि जिनें त्यास जन्म दिला ती कोपऱ्यांत पडून राहते. परंतु बाळंतपणांतील पुष्कळ मरणें मूल झाल्यानंतर घडतात. पहिल्या चोवीस तासांत सर्वांत मोठें भय अतिरक्तस्रावाचें. अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेलें म्हणजे तो धोका मानतात. तें रक्त कपड्यांत, गादींत व जमिनीवर मुरतें. पाहणारास नेहमीं कमीच वाटतें. म्हणून हल्लीं बाळंतिणीखालीं मापाच्या खुणा असलेली पिशवी ठेवतात. बेळगांवकडील खेड्यांत झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत रक्त मोजण्यास अशीच पिशवी वापरली होती. पुढें केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० इस्पितळांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास झाला व तो २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें केवळ डोळ्यांनीं अंदाज करीत, तेथें निम्म्याच स्त्रियांचा अतिरक्तस्राव ओळखला गेला; जेथें मापाची पिशवी होती, तेथें शंभरांत ९३ जणींचा. आणि ओळखतांच सर्व उपचार एकदम केल्यामुळें गंभीर परिणाम सुमारें ६० टक्क्यांनीं घटले. रक्त तेंच, औषधें तींच. परंतु माप घेतल्यामुळें वेळ साधली.

दुसरें भय रक्तदाबाचें. गरोदरपणीं रक्तदाब चांगला असला तरी बाळंतपणानंतर तो वाढूं शकतो, आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवशीं बहुधा सर्वांत जास्त असतो. म्हणून तो बाळंतपणानंतर लगेच, मग सहा तासांच्या आंत, आणि निघण्यापूर्वीं पुन्हां मोजावा. १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आंकडा आल्यास लक्ष ठेवावें. १६० वर ११० झाला तर तो तातडीचा प्रसंग होय. भयंकर डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, पोटाच्या वरच्या भागांत कळ, आणि मग आकडी, असा हा रोग चढतो. आकडी आलेल्या बाळंतिणीस कांदा हुंगविण्यांत किंवा अंगारा लावण्यांत वेळ दवडूं नये. तिच्यावर दवाखान्यांत सुईचें औषध आहे.

तिसरें भय तापाचें. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील इस्पितळांत डॉक्टर सेमेल्वाइस ह्यांनीं दाखविलें कीं, डॉक्टरांनीं औषधी पाण्यानें हात धुतले असतां बाळंतज्वरानें होणारीं मरणें झपाट्यानें कमी होतात. हा ताप पुष्कळदां घरीं गेल्यावर येतो. बाळंतिणीस थंडी वाजून ताप आला, स्रावास घाण वास येऊं लागला किंवा ओटीपोट दुखूं लागलें, तर "दूध उतरण्याचा ताप आहे" असें म्हणून वाट पाहूं नये.

ह्याशिवाय आईनें सहा तासांच्या आंत लघवी केली कीं नाहीं हें पाहतात, व रक्तांतील हिमोग्लोबिन मोजतात. वर सांगितलेल्या पाहणींत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. म्हणून बाळंतपणानंतरही १८० दिवस लोहाची गोळी घ्यावयाची असते. ती बहुतेक जणी महिन्याभरांत सोडतात, हें बरें नव्हे. आईचा रक्तगट 'निगेटिव्ह' व बाळाचा 'पॉझिटिव्ह' असल्यास ७२ तासांच्या आंत एक विशेष सुई घ्यावी लागते. ती चुकल्यास पुढच्या बाळाच्या जिवावर बेततें.

आणखी एक दुखणें असें आहे कीं, तें यंत्रांत दिसत नाहीं. बाळंतिणीस एक-दोन आठवडे रडूं येणें हें पुष्कळांस होतें व जातें. परंतु मन सतत खिन्न राहणें, झोंप उडणें, बाळाविषयीं माया न वाटणें, जगूं नये असें वाटणें, हा रोग आहे. आळस नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आणि विश्वासाची उणीवही नव्हे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतांतील ३८ अभ्यासांच्या एकत्र परीक्षणांत सुमारें २२ टक्के मातांस अशी खिन्नता आढळली. १९८७ सालीं एडिंबरो येथें दहा साध्या प्रश्नांची एक तपासणी तयार झाली. तीच आज अनेक भाषांत विचारतात. तींतील मर्म आपणही उचलावें. "बाळ कसें आहे?" असें विचारून झाल्यावर "आणि तूं कशी आहेस?" हेंही विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.

६. घरीं आल्यावर

डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था स्थापिली. तेथील ३९ खेड्यांत गांवच्याच बायकांस बाळाचें वजन करणें, श्वास मोजणें, उष्णता पाहणें व जंतुदोष ओळखून उपचार करणें शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बाळांचा मृत्युदर, तुलनेसाठीं घेतलेल्या इतर खेड्यांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं उतरला. ह्याच अनुभवाच्या आधारानें २०११ सालापासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरीं जातात. दवाखान्यांत बाळंतपण झालें असतां ३, ७, १४, २१, २८ व ४२ ह्या दिवशीं त्यांनीं यावयाचें असतें. त्यांस दारांतून परत लावूं नये. सव्वा महिना बाहेरच्या माणसाची सावली नको, असें म्हणून कित्येक घरीं त्यांस आंत घेत नाहींत. तेणेंकरून तपासणीची दुसरी संधिही जाते. बालकांच्या जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें, सुरू झाला; संशयित बाळास त्यांतून पुढील उपचारासाठीं जिल्ह्याच्या केंद्रांत धाडतां येतें.

पुढील लक्षणांपैकीं एकही दिसल्यास रात्र असो वा पाऊस असो, बाळास दवाखान्यांत न्यावें : दूध ओढीनासें होणें, मिनिटास साठ किंवा अधिक श्वास, छाती आंत ओढली जाणें, अंग तापणें किंवा थंड पडणें, आकडी, हलविल्याशिवाय हालचाल न करणें, तळपाय पिवळे होणें. १०२ किंवा १०८ ह्या क्रमांकास दूरध्वनि केल्यास रुग्णवाहिका मिळते.

७. उपदेशक व शिक्षक ह्यांस सूचना

हा पाठ स्त्रियांच्या सभेंत वाचावा, परंतु पुरुषांसही अवश्य ऐकवावा. कारण "आजच घरीं चला" हें बहुधा पुरुषच म्हणतात. नुसतें "दोन दिवस राहा" असें सांगून भागत नाहीं. ज्या घरीं बाळंतपण जवळ आलें असेल, तेथें आधींच ठरवावें कीं, त्या दोन रात्रीं गुरांस वैरण कोण घालील, मुलांस भाकरी कोण देईल, दवाखान्यांत सोबत कोण राहील. शेजारच्या दोन-तीन घरांनीं हें काम वांटून घेतलें, तर घाईचें मूळ कारणच नाहींसें होतें. खर्चाचें भय वाटत असल्यास सांगावें कीं, २०११ सालापासून चालू असलेल्या सरकारी योजनेप्रमाणें सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषधें, तपासण्या व रक्त ह्यांस पैसे पडत नाहींत. साध्या बाळंतपणानंतर तीन दिवसांपर्यंत आईस जेवण व घरीं पोंचविण्यास गाडीही मिळते.

दवाखान्यांतून निघतांना ज्यास वाचतां येतें अशा माणसानें पुढील गोष्टी विचारून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहवून घ्याव्या :

(१) बाळाचें जन्मवेळचें व निघतांनाचें वजन.
(२) दिलेल्या लसी व 'के' जीवनसत्त्वाची सुई.
(३) टांचेचें रक्त घेतलें काय, आणि निकाल कोठें व केव्हां मिळेल?
(४) हृदय, कान व डोळे तपासले काय?
(५) कावीळ किती आहे, पुन्हां केव्हां पाहावयाची?
(६) आईचा रक्तदाब, हिमोग्लोबिन व रक्तगट.
(७) पुढची भेट कोणत्या तारखेस?

निकाल आणण्याची जबाबदारी एका माणसाच्या नांवावर टाकावी. घेतलेलें रक्त आणि न आणलेला निकाल ह्यांपासून बाळास कांहींच लाभ होत नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. आजारी न दिसणाऱ्या बाळाची तपासणी कां करावी?
२. टांचेचें रक्त जन्मल्याबरोबर कां घेत नाहींत?
३. फार झोंपणाऱ्या व न रडणाऱ्या बाळाविषयीं कोणती शंका घ्यावी?
४. कानाच्या तपासणीचा एक, तीन, सहा हा नियम सांगा.
५. बाळंतपणानंतर आईस कोणतीं तीन मोठीं भयें असतात, व प्रत्येक कसें ओळखावें?
६. आशा कार्यकर्तीनें कोणकोणत्या दिवशीं घरीं यावयाचें असतें?
७. आपल्या गांवांत येत्या दोन महिन्यांत कोणाकोणाच्या घरीं बाळंतपण आहे, आणि त्यांच्या दोन रात्रींची सोय कोण करणार? ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर तोंडानें न देतां नांवें लिहून द्यावें.